भ्रमणध्वनीच्या लहरी : मोजणी कोणाची, तक्रार कोणाकडे?

गोंदिया शहरातील वस्तीत वा देवरी-सालेकसा भागातील एखाद्या गावात भ्रमणध्वनीचा मनोरा उभा राहू लागला की, हरकतीचा अर्ज घेऊन नागरिक साहजिकच नगर परिषदेकडे किंवा ग्रामपंचायतीकडे धाव घेतात. मात्र या संस्थांचा संबंध मुख्यतः जागा आणि बांधकाम यांच्याशी असतो. लहरींची तीव्रता किती असावी आणि ती कोणी तपासावी, हा केंद्राच्या दूरसंचार विभागाचा विषय आहे. गोंदिया जिल्हा या विभागाच्या महाराष्ट्र परिमंडळात मोडतो. मुंबईचे परिमंडळ स्वतंत्र आहे.

'किरणोत्सर्ग' या शब्दानेच निम्मी भीती निर्माण होते. वास्तविक या रेडिओलहरी क्ष-किरणांप्रमाणे अणूतील इलेक्ट्रॉन सुटे करू शकत नाहीत. ऊती किंचित तापणे हा त्यांचा सिद्ध झालेला परिणाम होय. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मे 2011 मध्ये त्यांना 'कदाचित कर्करोगकारक' या गटात घातले, तर याच संघटनेने करवून घेतलेल्या व 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात भ्रमणध्वनीचा वापर आणि मेंदूचा कर्करोग यांत संबंध आढळला नाही.

भारताने 2008 मध्ये आंतरराष्ट्रीय मर्यादा स्वीकारल्या आणि 1 सप्टेंबर 2012 पासून मनोऱ्यांसाठी त्या एक-दशांशावर आणल्या. 900 मेगाहर्ट्झला प्रति चौरस मीटर 4.5 वॉट ही मर्यादा 0.45 वॉट झाली. हातातील संचासाठी 'सार', म्हणजे शरीरात शोषल्या जाणाऱ्या ऊर्जेचे प्रमाण, एक ग्रॅम ऊतीमागील सरासरीने प्रतिकिलो 1.6 वॉट ठरले. बहुतेक संचांवर स्टार-हॅश-07-हॅश दाबल्यास हा आकडा दिसतो.

मर्यादा कडक, पण देखरेखीचा पाया स्वयंघोषणेचा, ही खरी गोम आहे. मनोरा नियमात असल्याचे प्रमाणपत्र कंपनी स्वतःच देते आणि विभाग त्यांपैकी काही मनोरे नमुन्यादाखल तपासतो. फ्रान्सच्या नियामक संस्थेने बाजारातील संच घेऊन ते तपासले व सप्टेंबर 2023 मध्ये 'आयफोन 12'ची विक्री थांबवली. हातापायांजवळील मोजणीत 4 वॉटच्या मर्यादेऐवजी 5.74 वॉट आढळले होते. कंपनीला संगणकप्रणाली सुधारून द्यावी लागली. अशी तपासणी आपल्याकडेही नियमित व जाहीर व्हावयास हवी.

नागरिकांसाठी मे 2017 मध्ये 'तरंग संचार' हे संकेतस्थळ सुरू झाले. परिसरातील मनोरे नियमात आहेत काय, हे तेथे पाहता येते आणि शुल्क भरून प्रत्यक्ष मोजणीही मागता येते. ग्रामसभेच्या ठरावापेक्षा अशा मोजणीचा कागद अधिक उपयोगी ठरावा.

मनोरा गावाबाहेर घालवताना एक बाब सहसा ध्यानात येत नाही. मनोरा दूर असला, की त्याच्यापर्यंत पोहोचण्यासाठी संच आपली प्रक्षेपणशक्ती वाढवतो, आणि तो तर कानाला टेकलेला असतो. जंगलपट्ट्यात जेथे संदेशलहरी क्षीण असतात, तेथे इअरफोन लावून थोडक्यात बोलणे किंवा संदेश पाठवणे सोयीचे.