हलत्या भुईवरचा संसार

आपल्या मंडळाची स्मरणिका निघावयाची आहे, तेव्हा प्रत्येकीने काहीतरी लिहून द्यावे असे ठरले. कोणी पाककृती दिल्या, कोणी कविता दिल्या. मला सांगण्यात आले की, "तुम्ही सारख्या जुन्या गोष्टी विचारीत असता, तर इतिहासावर लिहा." इतिहास म्हटला की किल्ले, लढाया आणि राजेमहाराजे डोळ्यांपुढे येतात. परंतु आपल्या पाटण तालुक्यात असा एक इतिहास आहे की तो अजून चालूच आहे, आणि तो आपल्या फळीवरच्या डब्यांनासुद्धा ठाऊक आहे. तो म्हणजे भूकंपाचा.

ज्यांनी सत्तरी ओलांडली आहे त्यांना तारीख सांगावयास नको. 11 डिसेंबर 1967, सोमवार, पहाटेचे 4 वाजून 21 मिनिटे. भूकंपाचे माप रिश्टरप्रमाणे 6 च्या वर गेले. सुमारे 180 माणसे दगावली, दोन हजारांवर जखमी झाली. कोयनानगरातली बहुतेक घरे एक तर पडली, नाही तर राहण्याजोगी उरली नाहीत. हादरा पार पुण्या-मुंबईपर्यंत जाणवला. कोयनेचे वीजघर बंद पडल्यामुळे मुंबईचे कारखाने थांबले. "दिवे गेले तेव्हा मुंबईला कोयना आठवली," असे आमचे मामंजी म्हणत असत.

एवढे पुस्तकांत सापडते. पण त्या पहाटे घराच्या आत काय झाले, हे मला सासूबाईंकडून कळले. त्या वेळी त्या सतरा वर्षांच्या, लग्नाला वर्षही झालेले नव्हते. त्या आणि त्यांच्या सासूबाई, दोघी जात्यावर बसलेल्या. घरघर वाढली तेव्हा त्यांना प्रथम वाटले, आपलेच जाते आज जड चालले आहे. म्हणून त्यांनी खुंट्यावरचा हात काढला. जाते थांबले, पण घरघर थांबेना. मग भुई हलली. मांडणीवरची भांडी एकामागून एक खाली आली, कौले घसरू लागली आणि मागची भिंत बाहेरच्या बाजूला बसली. थोरल्या सासूबाईंनी काय करावे? त्यांनी आधी चिमणी फुंकून विझविली, मग सुनेच्या दंडाला धरून ओढीत अंगणात आणली. जळती चिमणी पेंढ्यावर पडली असती तर भूकंपातून वाचलेले घर आगीने गेले असते, हे त्या माउलीला त्या क्षणी सुचले. तिला अक्षरओळख नव्हती.

पुढचे कित्येक दिवस सगळी आळी खळ्यावर राहिली. मार्गशीर्षातली थंडी, खाली भाताचा पेंढा आणि वर आकाश. तीन दगडांची चूल मांडून स्वयंपाक व्हावयाचा. घरातून पीठ-मीठ आणावयाचे म्हणजे एक कामच होते. एकीने उंबऱ्यात उभे राहावयाचे, दुसरीने आत धावत जाऊन हाताला लागेल ते घेऊन यावयाचे. उंबऱ्यातली ओरडली की आहे ते टाकून बाहेर. कारण धक्के सारखे चालूच होते. पुरुषमाणसे नदीवर आंघोळी करून येत. बायकांसाठी दोन लुगडी बांधून आडोसा केलेला असे, आणि बाळंतीण असेल तर तिच्यासाठीही तोच. सासूबाई म्हणत की भूकंपाची भीती चार दिवसांत सरावाची झाली, पण त्या आडोशामागे जावयाची लाज महिनाभर गेली नाही. हे कोणत्या अहवालात आले असेल असे मला वाटत नाही, म्हणून येथे लिहून ठेवते.

आणखी एक गोष्ट त्या हटकून सांगत. आळीत सर्वांत भक्कम म्हणून जो दगडी वाडा होता, तोच सर्वांत वाईट पडला. वरच्या अंगाला कुडाची घरे होती, गवताने शाकारलेली. ती वाकली, तिरकी झाली, पण त्यांनी कोणाला चिरडले नाही. आदल्या दिवसापर्यंत वाड्यातल्या बाईला मान आणि कुडाच्या घरातलीला मागचे दार. त्या रात्री मात्र वाड्यातल्या मुलांना कुडाच्या घरांतल्या वाकळा मिळाल्या.

आता हे सारे झाले कशामुळे? तेव्हा म्हाताऱ्या म्हणत, शेषाने फणा हलविला. तरुण म्हणत, धरणामुळे झाले. शास्त्रज्ञांचे आजचे म्हणणे असे की पोटातल्या खडकात ताण मुळात होताच. धरणात साठलेल्या पाण्याचा भार आणि खडकाच्या भेगांत शिरणारा पाण्याचा दाब यांनी त्याला निमित्त दिले. धरण 103 मीटर उंच. 1962 च्या सुमारास शिवसागरात पाणी साठू लागले आणि लगेच लहान लहान धक्के सुरू झाले. सप्टेंबर 1967 मध्येच एक मोठा धक्का बसून गेला होता, आणि तीन महिन्यांनी हा. आपल्या भागातल्या काही गावांना धरणाच्या पाण्याने उठविले. जी उरली त्यांना भूकंपाने हलविले. जगात जेथे जेथे धरणाच्या पाण्यामुळे भूकंप झाले, त्यांत कोयनेचा सर्वांत मोठा मानतात. हा मान आपण मागितलेला नव्हता.

बहुतेक ठिकाणी मोठा भूकंप होतो, त्यानंतरचे धक्के काही महिन्यांत किंवा वर्षांत विरतात. आपल्याकडे तसे झाले नाही. 1973, 1980, 2000, 2005 या साली 5 च्या वरचे धक्के बसले. 1985 नंतर वारणेचे धरण भरू लागले, तसे धक्के दक्षिणेकडेही सरकले. लहान धक्क्यांची मोजदाद तर हजारांनी आहे. आणि हे सर्व सुमारे 20 किलोमीटर रुंद आणि 30 किलोमीटर लांब एवढ्याच पट्ट्यात! शास्त्रज्ञांना याचे मोठे नवल. त्यांनी कराडजवळ प्रयोगशाळा काढली आणि गोठणे येथे 3 किलोमीटर खोल भोक पाडून खडक तपासला. त्यांना दिसले आहे की धक्क्यांचा जोर दोन वेळा वाढतो: एकदा पावसाळ्यात धरण भरत आले की, आणि पुन्हा डिसेंबरच्या सुमारास पाणी उतरू लागले की. आपल्या घरांत हे न मोजताच कळले होते. आमच्याकडे गणपती-गौरीची आवराआवर करताना हंडे-कळश्या वरच्या फळीवरून खाली उतरवून ठेवतात, त्या संक्रांतीपर्यंत खालीच. का, असे मी लग्न होऊन आल्यावर विचारले. "हलायचे दिवस आहेत," एवढेच उत्तर मिळाले.

असे कितीतरी रिवाज आपल्या अंगवळणी पडलेले आहेत. बाळाचा पाळणा माळ्याखाली टांगावयाचा नाही. भिंतीतल्या खुंटीला जड काही अडकवून त्याखाली अंथरूण घालावयाचे नाही. रात्री दाराला एकच कडी, दुसरी लावावयाची नाही, आणि दारापाशी पोते किंवा सायकल ठेवावयाची नाही. उशाशी बॅटरी. आमच्या सासूबाई रिकामा तांब्या पेल्यावर पालथा घालून ठेवीत. भुई हलली की तो किणकिणतो, आणि माणसाला जाग येण्याआधी तांब्याला जाग येते, असे त्यांचे म्हणणे. बाहेरगावची पाहुणी मंडळी हसतात. हसू द्या. आपल्याकडचे धक्के जमिनीत फार खोल नसतात, म्हणून आपल्याला हादऱ्यासोबत आवाजही ऐकू येतो, जणू घाटातून भरलेला ट्रक चालला आहे. नवीन सुनेला ट्रकचा आवाज आणि भुईचा आवाज यांतला फरक ओळखू येऊ लागला की ती पाटणची झाली असे समजावे. आता मोबाईलवर थोड्याच वेळात आकडा येतो आणि मुले "तीनचा होता, तीनचा होता" म्हणून पुन्हा अभ्यासाला बसतात. पूर्वी आकड्यासाठी वर्तमानपत्राची वाट पाहावी लागे.

सवय ही चांगलीही आहे आणि घातकही आहे. चांगली अशासाठी की धावपळ होत नाही. घातक अशी की, तीनच्या धक्क्याला भिंतीला चीर पडते, आपण ती शेणामातीने लिंपून टाकतो, आणि पुढच्या वर्षी पुन्हा लिंपतो. भिंत आतून सुटत चालली आहे हे कोणाच्या ध्यानात येत नाही. अशा सुटलेल्या भिंती काय करतात, ते किल्लारीने दाखविले.

30 सप्टेंबर 1993, गुरुवार. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती पोहोचवून माणसे दमून झोपलेली. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत, म्हणजे आता ज्याला आपण धाराशिव म्हणतो तेथे, भूकंप झाला. किल्लारी, सास्तूर आणि भोवतालची गावे क्षणात ढिगारे झाली. आठ ते दहा हजार माणसे गेली. आदल्या वर्षीच, 1992 साली, त्या भागात धक्क्यांचे सत्र होऊन गेले होते. लोक काही दिवस बाहेर झोपले होते, आणि मग पुन्हा आत झोपू लागले होते. मी त्या वेळी शाळकरी होते. रेडिओवर बातमी लागली आणि घरातली मोठी माणसे जेवावयाची थांबली, ते मला आठवते.

कोयनेचा भूकंप आणि किल्लारीचा भूकंप, दोन्हींचे माप 6 च्या थोडे वर. दोन्ही पहाटेचे. मग येथे 180 आणि तेथे हजारो, असे का? आपला मुलूख डोंगराळ, वस्ती विरळ, तेथे सपाटीवर दाट गावठाणे, हे एक कारण आहेच. दुसरे कारण घराचे. तिकडे माळवदाची घरे असत. लाकडी खांब-तुळया, वर फळ्या आणि त्यांवर दोन-दोन फूट माती, उन्हाळ्यात थंडावा राहावा म्हणून. दरवर्षी पावसाळ्याआधी त्यावर आणखी माती पडे. भिंती दगडाच्या, दोन-अडीच फुटांपासून चार फुटांपर्यंत जाड. भिंत जाड म्हणजे घर भक्कम, अशीच सर्वांची समजूत. पण त्या भिंतीला आतला एक आणि बाहेरचा एक असे दोन पदर, मध्ये मातीगोट्यांची भर, आणि दोन पदरांना धरून ठेवणारा आरपार दगडच नाही. हादरा बसताच पदर सुटले, भिंत आतल्या माणसांवर आली आणि वरून माळवदाची माती. गावाबाहेरच्या झोपड्यांतली गरीब माणसे वाचली. सासूबाईंनी टीव्हीवर ते पाहिले आणि त्या म्हणाल्या, "आपल्या वाड्याचेच झाले हे."

त्यानंतरचे बांधकाम मोठे झाले. 52 गावे नव्या जागी वसविली. ज्या गावांत घरे उभी होती पण खिळखिळी झाली होती, तेथील घरे दुरुस्त करून मजबूत करावयाची असे ठरले, आणि अशी घरे एक लाखाच्या वर होती. सरकार पैसे देणार आणि घरवाल्याने स्वतः काम करून घ्यावयाचे. पण कागद निघाला सरकारी भाषेत. गावात तो समजावून कोण सांगणार? तेव्हा स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या मदतीने गावोगावच्या महिला मंडळांना हे काम देण्यात आले. बायकांना 'संवाद सहायक' असे नाव मिळाले. आपल्यासारख्याच बायका, बऱ्याचशा थोड्या शिकलेल्या. त्या घरोघर गेल्या, माळवदावरची माती कमी करा म्हणाल्या, भिंतीत आरपार काँक्रीटचे टाचण घाला म्हणाल्या, दारा-खिडक्यांच्या वरून घराभोवती सलग पट्टा घाला म्हणाल्या. गवंड्याच्या कामावर त्यांनी नजर ठेवली. ज्या बाईला भिंत लिंपण्यापलीकडे काही विचारले जात नव्हते, ती आता भिंतीच्या पोटात काय आहे हे विचारू लागली.

नव्या गावांविषयी मात्र तिकडच्या बायका सरसकट खूश झाल्या असे नाही. शहरासारखे सरळ रस्ते आणि ऐसपैस रांगा आल्या, पण शेजार तुटला. जुन्या गल्लीत दारात बसून निवडणे-टिपणे चाले, ते मोठ्या रस्त्यावर कसे व्हावे? घर पडत नाही हे खरे, पण हाक ऐकू जाईल एवढ्या अंतरावर ओळखीचे कोणी नाही हेही खरे. पुष्कळांनी पुढे आपापल्या सोयीने पडव्या काढल्या, अंगणाला भिंती घातल्या. आराखडा काढणाऱ्यांनी आधी विचारले असते तर हा दुसरा खर्च वाचला असता असे मला वाटते.

26 जानेवारी 2001 रोजी कच्छमध्ये मोठा भूकंप झाला. त्यानंतर लातूर-उस्मानाबादकडच्या या बायकांपैकी काहीजणी तिकडे गेल्या. भाषा वेगळी, पोशाख वेगळा. पण घर पडलेल्या बाईला काय विचारावे आणि काय विचारू नये, हे त्यांना ठाऊक होते. आपले घर पुन्हा कसे उभे राहिले ते त्यांनी कच्छमधल्या बायकांना सांगितले.

आपल्या गावात सध्या जुन्या मातीच्या भिंती तशाच ठेवून वर स्लॅब टाकण्याची टूम निघाली आहे. खर्च वाचतो आणि घर पक्के दिसते. गेल्या महिन्यात आमच्या शेजारी असेच काम निघाले, तेव्हा जाऊबाई आणि मी चहा घेऊन गेलो आणि गवंडीदादांना विचारले की पट्टा कोठे घेणार आणि आरपार दगड किती घालणार. ते प्रथम हसले. मग घरवाल्या वहिनींनीही तेच विचारले, तेव्हा त्यांनी पाटा खाली ठेवला आणि सळ्यांचा हिशेब पुन्हा मांडावयास बसले. काम आठ दिवस लांबले. मालक थोडे नाराज आहेत, वहिनी नाहीत.