वांचलेल्या कोळशाचा मोबदला

कारखानदारानें नुसती वस्तु न विकतां तिच्याबरोबर सेवाहि पुरविली, तर धुराड्यांतून हवेंत जाणारा कर्बवायु कमी होतो काय, असा प्रश्न आज अर्थशास्त्रज्ञ विचारीत आहेत. जेम्स वॉटच्या चरित्रांत त्याच्या बुद्धीची स्तुति पुष्कळ आढळते. परंतु त्याच्या यंत्राचा सौदा कसा ठरे, हें पाहिलें असतां या प्रश्नावर बराच प्रकाश पडतो.

१७७५ मध्यें वॉटनें बर्मिंगहॅमचा कारखानदार मॅथ्यू बोल्टन याच्याशीं भागी केली. त्यांचीं मोठीं गिऱ्हाइकें म्हणजे कॉर्नवॉलमधील तांब्याच्या व कथलाच्या खाणींचे मालक. खाणींतलें पाणी उपसण्यास तेथें न्यूकमेनचीं जुनीं यंत्रें होतीं; कोळसा मात्र वेल्समधून गलबतांनीं आणावा लागे. भागीदारांनीं अट घातली ती अशी : यंत्राचे बहुतेक भाग मालकांनीं स्वतःच्या खर्चानें घ्यावे, नकाशे, कांहीं नाजूक भाग व उभारणीची देखरेख भागीदारांकडे, आणि न्यूकमेनच्या यंत्राच्या मानानें जो कोळसा वांचेल, त्याच्या किंमतीचा तिसरा हिस्सा त्यांस मिळावा. यंत्राच्या तुळईचे झोके मोजणारें साधन कुलुपबंद पेटींत असे. १७७९ पासून विल्यम मर्डॉक हा रेडरूथ येथें राहून यंत्रांची निगा राखूं लागला. गिऱ्हाइकाचें तेल कमी खपावें म्हणून वाण्यानेंच झटावें, तशांतला हा प्रकार! पण कोळसा खरोखरच निम्म्याहून अधिक वांचला.

खाणवाल्यांस हा हिस्सा पुढें जाचूं लागला व कज्जे झाले. १८०० मध्यें पेटंट संपतांच भागीदारांची माणसें कॉर्नवॉल सोडून गेलीं, आणि यंत्रांची स्थिति प्रथम खालावली. १८११ पासून मात्र प्रत्येक यंत्र किती कोळशांत किती काम करतें, याचे मासिक तक्ते लीन यानें प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. तेव्हां इंजिनियरांत चुरस लागून वॉटच्या काळाहूनहि अधिक काटकसर साधली. ही गोष्ट वॉटच्या भक्तांस रुचण्यासारखी नाहीं.

गिरण्यांची कथा निराळी. तेथें चाक फिरविणाऱ्या यंत्रांबद्दल तेच भागीदार दर अश्वशक्तीस दरसाल ५ पौंड, व लंडनमध्यें ६ पौंड घेत. कारण पूर्वी तेथें घोडे अथवा पाणचक्की असे. वांचविण्यास जुना कोळसाच नव्हता. त्यामुळें जळेल तो सर्व कोळसा नवा, आणि शक्ति जितकी अधिक तितका मोबदलाहि अधिक. इकडे उपसा स्वस्त झाल्यानें खाणीहि अधिक खोल गेल्या. यंत्र जों जों काटकसरी होतें, तों तों कोळशाचा एकंदर खप वाढतो, असें जेव्हन्सनें १८६५ मध्यें प्रतिपादिलें, तें याच यंत्राचा दाखला देऊन.