खलिफाच्या शेजारची कबर

इराणमधल्या मशहदला दरवर्षी लाखो शिया यात्रेकरू जातात, ते इमाम रझा यांच्या दर्शनाला. तिथेच, रझांच्या शेजारी, हारून अल-रशीदही पुरलेला आहे. अरबी सुरस कथांमधून आपल्याकडे घरोघरी पोचलेला बगदादचा खलिफा तो हाच. त्याच्यासाठी मात्र कुणी येत नाही.

मला हा शेजार फार बोलका वाटतो. रझा हे पैगंबरांच्या मुलीचे वंशज, शियांचे आठवे इमाम. त्यांचे वडील मूसा अल-काझिम 799 मध्ये हारूनच्याच कैदेत वारले. हारून स्वतः 809 मध्ये बंड मोडायला निघाला असताना तूस भागात मेला आणि तिथेच पुरला गेला.

त्याचा मुलगा मामून भावाशी लढून गादीवर आला. त्याने रझांना मदिनेहून मर्वला बोलावलं आणि 817 मध्ये चक्क आपला वारस जाहीर केलं. दरबारी पोशाखाचा काळा रंग बदलून हिरवा केला. पैगंबरांच्या घराण्याबद्दल लोकांना असलेली ओढ आपल्या गादीला जोडून घ्यायची, असा हिशेब असावा. बगदाद खवळलं. पुढच्याच वर्षी, मामून लवाजम्यासह बगदादकडे निघाला असताना, रझा तूसजवळ अचानक वारले. मामूननेच विष घातलं, असं शिया परंपरा मानते. त्याने त्यांना आपल्या बापाशेजारी पुरलं. हा मान होता की सारवासारव, कोण जाणे! पण पुढे तिथे वाढलेल्या गावाला नाव मिळालं मशहद, म्हणजे हौतात्म्याची जागा. ते हौतात्म्य रझांचं.

चौदाव्या शतकात इब्न बतूता तिथे गेला. शिया भाविक हारूनच्या कबरीला लाथ मारतात आणि रझांना सलाम करतात, असं त्याने नोंदवलंय.

रझांना भेटायला निघालेल्या त्यांच्या बहीण फातिमा मासूमा वाटेत आजारी पडून कुममध्ये वारल्या. तेही तीर्थ झालं. शिवाय इराणभर गावोगाव इमामजादे आहेत, म्हणजे इमामांच्या वंशजांच्या कबरी. त्यांतल्या कित्येकांची वंशावळ तपासायला गेलं तर हाती फारसं लागत नाही. नवस बोलणाऱ्यांचं त्यावाचून अडत नाही.

मामूनला न जमलेलं पुढे सफावी शाह अब्बासला जमलं. 1601 मध्ये तो इस्फहानहून मशहदपर्यंत पायी गेला. श्रद्धा असेलच. पण करबला आणि नजफ तेव्हा ऑटोमनांच्या ताब्यात होते, आणि मशहदला जाणाऱ्या यात्रेकरूचा पैसा इराणातच राहत होता.