एकसष्टची मर्सिडीझ: मे महिन्यातली की जुलै महिन्यातली?

गोव्यात जुन्या गाड्यांचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येते: "ही पोर्तुगीज काळातली गाडी." त्यापुढे कुणी फारसे विचारत नाही. पोर्तुगीज काळातली म्हणजे नेमकी कुठल्या सालातली, आणि त्या सालाच्या कुठल्या महिन्यातली? हा प्रश्न किस काढणारा वाटेल, पण अशा गाडीसाठी सुटा भाग शोधायला निघालेल्या माणसाला तो पहिल्याच दुकानात भेटतो. आणि गोव्याच्या अलीकडच्या इतिहासाकडे पाहतानाही त्याचा उपयोग होतो.

आधी या गाड्या इथे आल्या कशा ते पाहू. १९५० नंतर डिचोली, सत्तरी, सांगे या भागांत लोहखनिजाच्या खाणी जोरात सुरू झाल्या. खनिज बार्जमधून मांडवी-जुवारीतून मुरगाव बंदरात यायचे आणि तिथून मोठ्या बोटींनी जपान, जर्मनीकडे जायचे. १९५४-५५ पासून भारत सरकारने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली. १५ ऑगस्ट १९५५ रोजी पत्रादेवीला सत्याग्रहींवर गोळीबार झाला, रेल्वेसंबंधही तुटले. भारतातून येणारा माल थांबला तेव्हा पोर्तुगीज सरकारने समुद्राचा दरवाजा सताड उघडला. खनिजातून परकीय चलन मिळतच होते. त्यामुळे पेडणे तालुक्याच्या सीमेपलीकडे, सावंतवाडीत, गाडी हवी तर हिंदुस्थान किंवा फियाटसाठी नंबर लावून बसावे लागत असताना मुरगावच्या धक्क्यावर मर्सिडीझ, ओपेल, फोक्सवॅगन उतरत होत्या. सीमा एकच, पण अलीकडे एक बाजारपेठ आणि पलीकडे दुसरी.

या गाड्यांत गोव्याने सर्वांत जास्त जीव लावला तो मर्सिडीझ १८० डी या डिझेल गाडीवर. जर्मनीत ती १९५४ ते १९६२ या काळात बनली. मागची-पुढची मडगार्डे अंगात सामावून घेतलेल्या गोलसर बांध्यामुळे तिला 'पोंटन' म्हणतात. गोव्यात ती मुख्यत्वे टॅक्सी म्हणून धावली. चार माणसांच्या जागी आठ बसवून, चढणीला कुरकुरत, पण न थांबता. जगात मर्सिडीझ म्हणजे श्रीमंती; आपल्याकडे ती कितीतरी वर्षे बाजाराला जाणाऱ्या माणसाची सवारी होती.

आता मूळ मुद्दा. गाडीच्या पाठीवर नऊ वर्षे '१८० डी' हेच लिहिलेले होते, पण आतली गाडी तीच राहिली नाही. आणि कंपनीने बदल केले ते एक जानेवारीचा मुहूर्त पाहून नव्हे. सप्टेंबर १९५५ मध्ये मागचा आस बदलला: आधी दोन सांध्यांचा होता, तो एका सांध्याचा झाला. इंजिनाची ताकदही ४० वरून ४३ अश्वशक्ती झाली. म्हणजे १९५५ ची गाडी म्हटली तर ती गणपतीआधीची की नंतरची, हे विचारल्याशिवाय मागच्या आसाचा एकही भाग मागवता येत नाही. १९५९ च्या मध्यावर पुढची जाळी रुंद झाली. आणि सर्वांत मोठा बदल झाला तो जून १९६१ च्या सुमारास. तोवरचे ओएम ६३६ हे १७६७ सीसीचे इंजिन गेले आणि ओएम ६२१ हे १९८८ सीसीचे, ४८ अश्वशक्तीचे इंजिन आले. पहिल्यात कॅमशाफ्ट खाली, ब्लॉकमध्ये. दुसऱ्यात वर, डोक्यावर, साखळीने फिरणारा. पिस्टन, गॅस्केट, व्हॉल्व्ह यांतले एकाचे दुसऱ्याला लागणार नाही.

म्हणून "एकसष्टची वन-एटी डी" एवढे सांगून दुकानदाराकडून पिस्टन मागणे म्हणजे "देसायांचा मुलगा" एवढे सांगून पेडण्यात घर शोधण्यासारखे आहे. मे महिन्यातल्या गाडीचा पिस्टन ७५ मिलिमीटर व्यासाचा, जुलैतल्या गाडीचा ८७ चा. मध्येच १९५८ पासून आलेली १९० डी हिचा ८५ चा. दोन मिलिमीटरचा फरक डोळ्याला दिसत नाही, व्हर्नियरला दिसतो. गंमत अशी, की जुलैतल्या १८० डीच्या सिलिंडरचे माप तिच्या थोरल्या बहिणीशी, म्हणजे जुन्या १९० डीशी जुळत नाही. ते जुळते १९६१ मध्येच निघालेल्या, मागे शेपटीसारखे पंख असलेल्या नव्या १९० डीशी. अंगावरून नाते ठरवायला गेलो तर फसतो, रक्त तपासावे लागते.

हे फक्त मर्सिडीझचे नाही. फोक्सवॅगन बीटलचे कारखान्यातले वर्ष १९५५ पासून ऑगस्टमध्ये सुरू होऊ लागले. सप्टेंबर १९६० मध्ये तयार झालेली बीटल ही कंपनीच्या हिशेबात १९६१ ची, आणि तिच्यात नवे ३४ अश्वशक्तीचे इंजिन; त्याच सालच्या जूनमधल्या गाडीत जुने ३० चे. आपल्याला यात नवल वाटू नये. आपले वर्ष चैत्रात सुरू होते, व्यापाऱ्याचे दिवाळीच्या पाडव्याला, सरकारचे एप्रिलमध्ये आणि शाळेचे जूनमध्ये. बीटलचे ऑगस्टमध्ये, एवढेच.

मग साल ठरवायचे कसे? आरसी बुकावर विसंबू नये. १९६१ नंतर पोर्तुगीज नंबरपाट्या गेल्या आणि 'जीडी' ने सुरू होणारे नंबर आले. पुस्तकात लिहिलेले साल नोंदणीचे असू शकते, जन्माचे नव्हे. शिवाय गाडी कारखान्यातून निघून बोटीने मुरगावला पोचेपर्यंत मध्ये वेळ जायचाच. १९५६ च्या अखेरीपासून काही महिने सुवेझ कालवा बंद होता, तेव्हा बोटी आफ्रिकेला वळसा घालून येत. म्हणून कागद सोडून लोखंड वाचावे. चॅसिस नंबर १२०११० ने सुरू झाला तर ती १८० डी, १२१११० असेल तर १९० डी. इंजिनाचा नंबर ६३६ ने सुरू होतो की ६२१ ने, हे ब्लॉकवर ठोकलेले असते. पण दोन्ही पाहावेत, कारण इंजिन कधीतरी बदललेले असू शकते. चॅसिस नंबर दिल्यास जर्मनीतल्या कंपनीच्या जुन्या दप्तरातून त्या गाडीची मूळ नोंद मिळू शकते.

आणखी एक अडचण खास आपली. पोर्तुगालने १९२८ मध्ये रस्त्याची बाजू बदलून उजवी केली, पण गोव्यात, शेजारच्या ब्रिटिश मुलखामुळे, डावीकडूनच चालवणे सुरू राहिले. त्यामुळे गोव्यासाठी योग्य गाडी उजव्या स्टेअरिंगची. आज जर्मनीतून सुटे भाग मागवताना इंजिनाचे सामान मिळते, पण स्टेअरिंग बॉक्स, पेडलांच्या जोडण्या, हेडलाइटच्या काचा हे तिकडे सहज मिळते ते डाव्या स्टेअरिंगचे. भारतात टेल्को १९५४ पासून मर्सिडीझशी करार करून जमशेदपूरला ट्रक बनवत होती, बॉनेटवर ताराही तोच. पण ट्रकचे सामान या गाडीला काय कामाचे?

मुक्तीनंतर आयातीवर भारताचे निर्बंध लागू झाले आणि मुरगावचा तो दरवाजा मिटला. गाड्या मात्र धावतच राहिल्या. त्या चालवल्या आपल्या मेस्तांनी. मिळेल त्याला घासून, बूश भरून, लेथवर नवा भाग काढून. पुढे पुण्याच्या बजाज टेम्पोने मर्सिडीझचे ओएम ६१६ इंजिन परवान्याने बनवायला सुरुवात केली, तेव्हा मॅटाडोरचे ते इंजिन कितीतरी जुन्या मर्सिडीझच्या पोटात गेले. शुद्धतेचा आग्रह धरणारे आज त्यावर नाक मुरडतात. मला ते पटत नाही. ज्या टॅक्सीवर घर चालायचे, तिला मूळ इंजिन मिळेपर्यंत अंगणात उभी कोण ठेवणार? तो बदल हाही त्या गाडीचा इतिहासच आहे. फक्त तो बदल आहे हे लिहून ठेवायला हवे होते, ते राहिले.

इथे गोष्ट सुट्या भागांच्या पलीकडे जाते. समजा, एखाद्या घरात सांगतात की ही गाडी आजोबांनी अठ्ठावन्न साली मुरगावला उतरवून घेतली. चॅसिस आणि इंजिन दोन्हींची नोंद ६२१ च्या काळातली निघाली, तर ती गाडी जून १९६१ च्या आधी जन्मलीच नव्हती. म्हणजे ती पोर्तुगीज राजवटीच्या शेवटच्या सहा महिन्यांत आली, नाहीतर १९ डिसेंबर १९६१ नंतर. आजोबा खोटे बोलले असे नव्हे. दोन गाड्यांच्या आठवणी एकमेकींत मिसळल्या असतील. माणसाची आठवण मोठ्या तारखांना चिकटते. आपणही गोव्याचे सगळे 'मुक्तीआधी' आणि 'मुक्तीनंतर' अशा दोन पेट्यांत भरतो. लोखंड तसे करत नाही. ते जूनमध्ये बदलते, सप्टेंबरमध्ये बदलते, आणि झेंडा बदलला त्या दिवशी काहीच न बदलता दुसऱ्या दिवशी सकाळी वास्कोच्या स्टँडवर उभे राहते.

आज या गाड्या कमी उरल्या आहेत. बऱ्याच भारतभरच्या हौशी लोकांनी विकत नेल्या. ज्या मेस्तांना इंजिनाच्या आवाजावरून ६३६ की ६२१ हे कळायचे, ते थकले, काही गेले. त्यांचे ज्ञान कुठल्याच कागदावर नाही. तुमच्या घरात अशी गाडी असेल तर तीन कामे करा. चॅसिस आणि इंजिन नंबर वहीत उतरवून ठेवा, त्यांचे फोटो काढा. मोडलेला जुना भाग भंगारात देऊ नका; नवा भाग बरोबर की चूक हे सांगणारा तोच साक्षीदार आहे. आणि गावातला जुना मेस्त हयात असेल तर त्याच्याकडे जाऊन बसा. कुठल्या गाडीत काय बदलले आणि कशासाठी, ते विचारून तारखेसह लिहून घ्या.