निऑनचा लाल उजेड

मंडळी, रस्त्यावरच्या कुठल्याही झगमगत्या पाटीला आपण सरसकट 'निऑन' म्हणतो. ते खरं नाही. का, ते सांगतो.

१८५७ च्या सुमारास बॉनमध्ये हाइनरिख गाइसलर यांनी काचेच्या बंद नळ्या बनवल्या. आत अगदी विरळ वायू ठेवायचा, वीज सोडायची, की वायू उजळतो. रंग वायूगणिक वेगळा. कारण प्रत्येक जातीच्या अणूतले इलेक्ट्रॉन ठरावीक ऊर्जेचाच प्रकाश बाहेर टाकतात.

जून १८९८. लंडनमध्ये विल्यम रॅमसे आणि मॉरिस ट्रॅव्हर्स यांनी द्रवरूप केलेल्या हवेच्या मदतीनं आर्गॉनमधून एक हलका वायू वेगळा काढला, नळीत भरला, वीज सोडली. नळी लालभडक! हवेच्या दहा लाख भागांत हा वायू जेमतेम १८ भाग. तोवर कोणाच्या हाती लागला नव्हता. वर्णपटातल्या रेषा मोजायच्या आधी डोळ्यांनाच कळलं, हा नवा आहे. नावही तेच ठेवलं: ग्रीकमध्ये 'नेओस' म्हणजे नवा.

१९१० मध्ये जॉर्ज क्लोद यांनी पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात याच वायूच्या लांब नळ्या उजळल्या, आणि पुढे पाट्यांचा धंदाच उभा राहिला. पण निऑनचा स्वतःचा रंग तांबडा-नारिंगीच. निळ्या नळीत बहुधा आर्गॉन आणि पाऱ्याची वाफ असते. हल्लीच्या कित्येक पाट्यांत तर वायूच नाही, नुसते एलईडी!