एका रविवारी एक अध्याय

डिसेंबर सरत आला की वाचणाऱ्या मंडळींना आकडे सुचू लागतात. कोणी म्हणतो यंदा पंचवीस पुस्तके, कोणी म्हणतो बावन्न, म्हणजे आठवड्याला एक. परदेशातल्या पुतण्याने परवा फोनवर विचारले, "काका, तुमचं यंदाचं टार्गेट किती?" टार्गेट हा शब्द मी आजवर विमा एजंटांच्याच तोंडी ऐकला होता. असो. पण प्रश्न डोक्यात घोळत राहिला. जन्मभर इतिहास शिकवलेला माणूस, त्यामुळे आपल्या मुलखातली माणसे वाचनाचे संकल्प कसे करीत, हे आठवत बसलो.

जुना शब्द 'नेम'. चातुर्मास लागला की कुणाच्या तरी ओसरीवर पोथी लागायची. श्रीधरस्वामींचा हरिविजय छत्तीस अध्यायांचा, रामविजय चाळीस, पांडवप्रताप चौसष्ट. चार महिन्यांत कोणती पोथी बसते, याचा हिशेब बायाबापड्यांनाही तोंडपाठ असे. दासबोधाचे वीस दशक, दर दशकात दहा समास. रोज एक समास म्हटला की दोनशे दिवस. आता गंमत पाहा. यात 'किती पोथ्या वाचल्या' असे कोणी विचारत नसे. पोथी लागली का, आणि खंड न पडता समाप्तीला गेली का, एवढेच विचारीत. शिवाय वाचणारा एक आणि ऐकणारे वीस. आसोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते, हे आपण कौतुकाने सांगतो. पण भोवती सतत काहीतरी वाचले, गायले, सांगितले जात होते आणि त्या ते कान देऊन ऐकत होत्या, हे सांगायचे विसरतो.

याच नेमाचे मला सर्वांत आवडणारे उदाहरण आपल्या खानदेशातलेच आहे, आणि तेही तुरुंगातले.

१९३२ च्या जानेवारीत कायदेभंगाची चळवळ पुन्हा पेटली, धरपकड झाली आणि विनोबा धुळ्याच्या तुरुंगात आले. साने गुरुजीही तिथेच होते. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलातली मास्तरकी सोडून ते १९३० सालीच चळवळीत उतरले होते. सोबतच्या कैद्यांपुढे विनोबांनी गीतेवर बोलायचे ठरले. २१ फेब्रुवारी १९३२ हा रविवार. त्या दिवशी पहिला अध्याय. पुढच्या रविवारी दुसरा. असे करत १९ जूनला अठरावा. कॅलेंडर घेऊन मोजा, बरोबर अठरा रविवार भरतात. एकही चुकलेला नाही!

गीतेचे श्लोक सातशे. नुसते वाचायचे म्हटले तर एका दिवसाचे काम. तुरुंगात वेळेला काय तोटा? रोज एक अध्याय घेतला असता तरी तीन आठवड्यांच्या आत आटोपले असते. घेतले मात्र चार महिने. मधल्या सहा दिवसांत दळणे, सूत काढणे अशी कामे चालत, आणि ऐकलेला अध्याय तेव्हा मनात मुरत असणार, असे मला वाटते. गुरुजी समोर बसून भराभर लिहून घेत. त्यांनी लिहून घेतले म्हणून आज 'गीता प्रवचने' हे पुस्तक आपल्या हाती आहे. पुढे ते कितीतरी भाषांत गेले.

गुरुजी नंतर नाशिकच्या तुरुंगात गेले आणि १९३३ च्या फेब्रुवारीत पाच दिवसांत त्यांनी 'श्यामची आई' लिहून काढली. त्या पुस्तकात प्रकरणे नाहीत, रात्री आहेत. श्याम दर रात्री एक आठवण सांगतो आणि मित्र ऐकतात. पुन्हा तेच, ठरलेली वेळ, थोडेसेच आणि समोर ऐकणारा माणूस. धुळ्याच्या रविवारांशी याचा धागा असेल, असे मला आपले वाटते. पुरावा मागू नका.

आकड्यांचीच हौस असेल तर लोकमान्यांचे उदाहरण घ्यावे. मंडालेच्या तुरुंगात त्यांच्यापाशी चारशेच्या आसपास पुस्तके जमली होती. जर्मन, फ्रेंच, पाली या भाषांचाही अभ्यास त्यांनी तिथेच केला. पण ते वाचन मोजण्यासाठी नव्हते. गीता काय करायला सांगते, हा एक प्रश्न धरून ते चालले होते. १९१०-११ च्या हिवाळ्यात 'गीतारहस्य' लिहिले तेही पेन्सिलीने, कारण शाई मिळत नव्हती.

आणि आपले इतिहासाचार्य राजवाडे! गावोगावची दप्तरे धुंडाळून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे बावीस खंड काढणारा हा माणूस धुळ्यातच वारला, ३१ डिसेंबर १९२६ रोजी. ही तारीख वर्गात सांगताना मी मुद्दाम थांबत असे. पुढच्या वर्षी काय वाचायचे, हे त्या दिवशीही त्यांच्या डोक्यात असेल का?

तर पुतण्याला माझे उत्तर. आकडा नाही, पण नेम आहे. आमच्या सौ.चे डोळे अधू झाले आहेत, मोठ्या टायपातलेही आता तिला फार वेळ वाचवत नाही. माझे डोळे अजून चालतात. किती वर्षे चालतील ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही. म्हणून जे वाचायचे ते मोठ्याने आणि दोघांसाठी. एकच पुस्तक निवडले आहे, लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे'. ते सौ.ने मॅट्रिकच्या सुट्टीत वाचले होते, तेव्हाचे काही प्रसंग तिला अजून माझ्यापेक्षा चांगले आठवतात. माझा त्यात आणखी एक स्वार्थ आहे. आमच्या धरणगावात १८९० साली जन्मलेले बालकवी, म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोंबरे, नगरला रेव्हरंड टिळकांच्या घरी राहिले होते. लक्ष्मीबाईंच्या लेखणीतून ते जिवंत भेटतात. गावात त्यांचे नाव सगळे घेतात, पण हट्टी, हळवा ठोंबरे फार थोड्यांना ठाऊक असतो.

जानेवारीतल्या पहिल्या रविवारी, दुपारचा चहा झाला की सुरुवात. एका बैठकीत दहा-बारा पानांपेक्षा जास्त नाही, आवाज तेवढाच टिकतो. शेजारच्या दोन आजी आत्ताच विचारून गेल्या आहेत की येऊ का, त्यांच्यासाठी सतरंजी काढून ठेवली आहे. पुतण्याने तिकडून फोन लावून ऐकायचे म्हटले तर त्याचीही सोय करू, त्याला तेव्हा पहाट असेल एवढेच. ठोंबरे कोणत्या रविवारी घरात येतात, ते कळवीनच.