झाडांनंतर बियाणं: हेंवल खोऱ्यातली गोष्ट

चिपको आंदोलन म्हटलं की आपल्याला १९७४ सालचं रेणी गाव आणि गौरादेवी आठवतात. झाडं वाचली, तोडीवर बंदी आली, आणि आपल्या डोक्यातला चिपकोचा इतिहास तिथेच थांबतो. मला आज त्यापुढचं सांगायचं आहे. कारण झाडांना मिठी मारणारी ही माणसं मुळात शेतकरी होती.

टिहरी गढवालमध्ये हेंवल नदीचं खोरं आहे. १९७७-७८च्या सुमारास तिथल्या अडवाणीच्या जंगलात बायकांनी झाडांना राख्या बांधल्या. त्या लढ्यात धूमसिंह नेगी, कुंवर प्रसून यांच्याबरोबर जडधार गावचे विजय जडधारी होते. पुढे त्यांच्या गावाने वन सुरक्षा समिती नेमली, उजाड झालेलं रान राखलं, आणि ते पुन्हा उभं राहिलं.

पण रान वाचत असताना शेत मात्र बदलत होतं. सुधारित बियाणं आलं, रासायनिक खत आलं, सोयाबीन आलं. सुरुवातीला पीक चांगलं दिसलं, पण मग दरवर्षी खत वाढवावं लागलं आणि बियाणं विकत आणावं लागलं.

आता इथे बायकांचं म्हणणं ऐकण्यासारखं आहे. नाचणीच्या काडाचा चारा होतो, सोयाबीनचा तसा होत नाही. त्याचं तेलही घरी काढता येत नाही. चारा नाही तर जनावर नाही, जनावर नाही तर शेणखत नाही, आणि शेणखताशिवाय डोंगरातल्या पायऱ्यांच्या शेतात उरतं काय? हा हिशेब एकरी उत्पन्नाच्या तक्त्यात कुठेच येत नाही.

जुनी पद्धत होती ‘बारहनाजा’, म्हणजे बारा धान्यं. आकडा बाराच असतो असं नाही. मंडुआ म्हणजे आपली नाचणी, रामदाना म्हणजे राजगिरा, गहत म्हणजे कुळीथ. शिवाय राजमा, उडीद, चवळी, तीळ, सगळं एकाच शेतात. वेल उंच रोपांवर चढतात, कडधान्यं जमिनीला नत्र देतात, एक पीक गेलं तरी दुसरं हाती लागतं. गंमत बघा, यातलं ‘भट्ट’ म्हणजे काळा सोयाबीनच! म्हणजे भांडण सोयाबीनशी नव्हतं. बाकी सगळ्यांना हाकलून एकट्यानेच शेत व्यापण्याशी होतं.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस जडधारी आणि त्यांच्या सोबत्यांनी ‘बीज बचाओ आंदोलन’ सुरू केलं. गावोगाव पायी फिरून त्यांनी भाताचे, राजम्याचे शेकडो वाण गोळा केले. बहुतेक वाण म्हाताऱ्या बायकांनी जपलेले होते. पण ते नुसते बाटल्यांत भरून ठेवले नाहीत, पेरायला वाटले. पेरलं तरच बियाणं जगतं, हे या चळवळीचं मर्म. जडधारींना पुढे इंदिरा गांधी पर्यावरण पुरस्कार मिळाला.

आपल्याकडे अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनीही देशी बियाणं असंच घरापासून जपलं आणि गावोगावच्या बायकांपर्यंत नेलं. त्यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली.

मग ही चळवळ जिंकली का? पूर्ण नाही. २०११च्या जनगणनेत उत्तराखंडातली हजारावर गावं निर्जन नोंदली गेली. बियाणं आहे, पण पेरणारी मुलं शहरात आहेत. दुसरीकडे, ज्या नाचणीला एकेकाळी गरिबाचं खाणं म्हणून हिणवलं गेलं, त्याच भरडधान्यांचं २०२३ हे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरं झालं.

म्हणून ही गोष्ट नुसती बियाण्याची नाही. शेतात काय पेरायचं हे कोणी ठरवायचं, हा तिच्यातला खरा प्रश्न आहे. अडवाणीच्या बायकांनी तो जंगलाबद्दल विचारला होता. जडधारींनी तोच शेताच्या बांधावर आणून ठेवला. त्याचं उत्तर अजून द्यायचं आहे, आणि ते फक्त गढवालने द्यायचं आहे असंही नाही.